महिलांच्या मापाचा लाल चेंडू: फिरकीच्या सरावाला कसा?

पुण्यात क्रीडा साहित्याच्या दुकानांत मिळणारा फोर-पीस, म्हणजे कातड्याचे चार तुकडे शिवून केलेला, लेदर चेंडू. महिला क्रिकेटचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा. पण ‘लेडीज’ म्हणून लहान मुलांचा आणखी हलका चेंडूही हातात पडू शकतो, तेव्हा काट्यावर ठेवूनच घ्या. हलक्या चेंडूवर सवय झाली की सामन्यात टप्पा आखूड पडतो, आणि लेग-स्पिनरला ते फार महागात जातं. देविका वैद्यसारखी लेग-स्पिनर ज्या शहरातून भारतीय संघात गेली, तिथल्या मुलींना नेमक्या मापाचा चेंडू मिळायलाच हवा.

हा चेंडू वजनाला चोख. शिवण ठळक, टाके घट्ट. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून शिवणीवर आडवं रोवलं की ऑफ-स्पिनची पकड छान बसते, लहान पंजातसुद्धा. तक्रार एकच: वरचा चकचकीत थर जाड आहे, नवा असताना निसटतो. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करा. सिमेंटच्या विकेटवर शिवण भराभर झिजते, मातीवर किंवा मॅटवरच वापरा. पावसात भिजला तर सावलीत सुकवा. उन्हात कातडं कडक होतं.