रिअ‍ॅक्टरचं तापमान सरळ करायचं की सगळाच रिअ‍ॅक्टर?

सतत ढवळला जाणारा रिअ‍ॅक्टर, आत उष्णता सोडणारी पहिल्या कोटीची अभिक्रिया (जिचा वेग संहतीच्या, म्हणजे मिश्रणातल्या अभिकारकाच्या प्रमाणाच्या, समप्रमाणात असतो), आणि आपल्या हातात फक्त जॅकेटचं, म्हणजे भोवतीच्या थंड करणाऱ्या कवचाचं, तापमान. इथे फीडबॅक लिनिअरायझेशन, म्हणजे वाकडी समीकरणं गणिताने खोडून प्रणालीला सरळरेषी वागायला लावणं, दोन तऱ्हांनी बसवता येतं.

इनपुट-आउटपुट पद्धतीत आतलं तापमान हेच आउटपुट. एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की जॅकेट समीकरणात येतं. अ‍ॅरेनियसचं घातांकी पद (तापमानाबरोबर अभिक्रियेचा वेग झपाट्याने वाढवणारं) गणिताने खोडायचं आणि बाहेरून साधा पीआय (चूक आणि तिची साठत गेलेली बेरीज पाहून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) लावायचा. क्रॅव्हॅरिस आणि चुंग यांनी १९८७ मध्ये मांडलं ते साधारण हेच. संहती नजरेआड राहते खरी, पण तापमान स्थिर असलं की ती आपोआप जागेवर येते.

पूर्ण-अवस्था पद्धतीत संहती हे आउटपुट, डेरिव्हेटिव्ह दोनदा. लपून काहीच राहत नाही. कागदावर देखणं! पण नियंत्रण-सूत्राच्या भाजकात संहतीच बसलेली असते. रूपांतर जवळपास पूर्ण झालं की भाजक शून्याकडे सरकतो आणि कंट्रोलर जॅकेटकडे भलतंच तापमान मागू लागतो. शिवाय तापमान मोजणारं थर्मोकपल स्वस्त आणि चपळ, संहतीचा अ‍ॅनालायझर बहुधा महाग आणि संथ.

प्लांटवर मी पहिलीच लावेन. कूलिंगचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मात्र दोन्हींचं लिनिअरायझेशन संपतं, त्यामुळे पीआयला अँटी-वाइंडअप (व्हॉल्व्ह मर्यादेला टेकलेला असताना ती बेरीज फुगू न देणं) हवंच.