श्यामची आई, मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती: प्रसंग आहेत पण श्यामचं मनच गाळलंय

दापोलीच्या बाजारातनं भाचीसाठी घेतली, पाचवीत आहे ती. अक्षर मोठं, चित्रं बरी, किंमत शंभरच्या आत. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे २०११ पासून हक्क मोकळे झाले, आता कोणीही छापू शकतं, म्हणून एका प्रकाशकाचं नाव घेत नाही. बाइंडिंग नुसत्या गमाचं आहे, आमच्याकडच्या पावसात पानं सुटायला लागली, पण ते एकवेळ चालेल.

खरी तक्रार आतली आहे. 'अळणी भाजी'चंच बघा. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एक अक्षर न बोलता आवडीने खातात, आई नंतर जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. या आवृत्तीत इथेच गोष्ट संपते. अहो पण मूळ पुस्तकात खरी गोष्ट तर इथनं पुढे आहे! वडील का बोलले नाहीत, आईला केवढी चुटपुट लागली, आणि मोठा झालेला श्याम, जो रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, तो त्यांना विचारतो की यातलं थोर कोण, जिभेवर ताबा ठेवणारे वडील की मनाला लावून घेणारी आई. सगळं मनातच चाललंय, बाहेर घडतंय काय तर माणसं जेवतायत. ते मन काढलं की उरते फक्त बिनमिठाची भाजी.

भाचीने वाचून विचारलं, मामा, यात झालं काय? तिचं बरोबरच आहे.

काही जण म्हणतील सिनेमात तरी मनातलं कुठे सांगतात. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा बघा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. आईचं काम करणाऱ्या वनमालाबाई नुसत्या बघतात आणि आई आतून किती तुटतेय ते कळतं. सिनेमाकडे चेहरा असतो, आवाज असतो, गाणं असतं, कॅमेरा एखाद्या नजरेवर थांबू शकतो. मोठ्या श्यामला मात्र दर प्रसंगात मध्ये आणून बोलायला लावलं तर सिनेमा अडखळेल, आणि ती ताकद पुस्तकाचीच, एकाच वाक्यात लहान श्यामचा हट्ट पण असतो आणि त्या हट्टाचं मोठ्या श्यामला वाटणारं दुःख पण. माधव वझ्यांनी लहान श्याम सुंदर केलाय, पण त्या चेहऱ्यावर तेव्हाचा श्यामच दिसणार ना, पुढे आई गेल्यावर काय काय वाटलं ते त्यावर कुठनं येणार.

या संक्षिप्त पुस्तकाकडे चेहराही नाही आणि मनही नाही. पानं कमी करायला नेमकं तेच कापलंय. ही पालगडची, लाडघरची, आमच्या गावांची गोष्ट आहे, पोरांना अशी नको द्यायला.

५ पैकी २ स्टार, तेही चित्रांसाठी. घेताना अनुक्रमणिका उघडा, रात्र पहिली, रात्र दुसरी असं करत ४२ रात्री असतील तरच घ्या. भाषा जुनी आहे, मुलं अडतात, तर रोज एक रात्र आपण मोठ्याने वाचून दाखवायची, आमच्याकडे आता तेच सुरू केलंय आणि भाची मध्येच थांबवून प्रश्न विचारते.