पॅनेल की ट्रायो एक्झोम : मेंदूच्या घडणीतील दोषाचे कारण शोधताना

एमआरआयमध्ये मेंदूच्या वळ्या कमी आणि जाड दिसल्या, मेंदूविकारतज्ज्ञांनी जनुकीय तपासणी लिहून दिली आणि आता समोर दोन अर्ज आहेत : एक ठरावीक जनुकांच्या पॅनेलचा, दुसरा आई, वडील आणि मूल अशा तिघांच्या (म्हणजे ‘ट्रायो’च्या) एक्झोमचा, म्हणजे सर्व जनुकांतील प्रथिने घडवणारा भाग वाचण्याचा. या टप्प्यावर असलेल्या पालकांसाठी हे लिहीत आहे. आमच्या मुलीसाठी आम्ही आधी पॅनेल केले आणि नंतर ट्रायो, त्यामुळे दोन्ही अहवाल घरात आहेत. माझे मत एकाच घरच्या अनुभवावर आधारलेले आहे, एवढे ध्यानात ठेवून ते वाचावे.

दोन्हींच्या आधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. वळ्यांचा अभाव मेंदूच्या मागच्या भागात अधिक असेल, तर संशय प्रथम १७व्या गुणसूत्रावरील लिस१ या जनुकावर जातो. पुढच्या भागात अधिक असेल, तर एक्स गुणसूत्रावरील डीसीएक्सवर. लिस१च्या बाबतीत अख्खे जनुक किंवा त्याचा तुकडाच गळालेला असणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि अशी गळती डीएनएची अक्षरे वाचणाऱ्या तपासणीतून निसटू शकते. म्हणून मायक्रोॲरे आणि एमएलपीए या गळालेले तुकडे शोधणाऱ्या तपासण्यांचा विषय आधी मिटवून घ्यावा. आमच्या मुलीचा दोष मागच्या भागात होता, पण या दोन्ही तपासण्यांत काही सापडले नाही. मेंदूचा एकच अर्धा भाग वाढलेला असेल, तर मात्र ही तुलना फारशी उपयोगाची नाही, कारण तिथे जनुकीय बदल बहुधा मेंदूच्या काही पेशींपुरताच असतो आणि रक्तात तो दिसतच नाही, असे पुष्कळदा घडते.

पॅनेलची खरी ताकद खोलवर वाचनात आहे. मोजकीच जनुके घेतल्यामुळे प्रत्येक जागा शेकडो वेळा वाचली जाते, आणि थोड्याच पेशींत असलेला बदल, म्हणजे मोझेक बदल, त्यामुळे पकडता येतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या घडणीतील दोष असलेल्या १५८ जणांची अशी खोल तपासणी झाली. त्यांपैकी २७ जणांत कारण सापडले आणि त्यांतल्या ८ जणांत ते मोझेक होते. ‘डबल कॉर्टेक्स’ म्हणजे दुहेरी थर दिसणाऱ्या रुग्णासाठी, किंवा मेंदूतील पोकळ्यांच्या कडेला गाठी दिसत असतील तर, पॅनेलने सुरुवात करणे मला आजही योग्य वाटते. चित्रच जर एखाद्या जनुकाकडे बोट दाखवत असेल, तर उगाच वीस हजार जनुके उघडण्याचे कारण नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला, ती सांगतो. आमच्या पॅनेलच्या अहवालात टीयूबीए१ए या जनुकात एका अक्षराचा बदल नोंदवला होता आणि पुढे लिहिले होते : ‘अनिश्चित अर्थाचा’. निश्चित रोगकारकापासून निश्चित निरुपद्रवीपर्यंतचे पाच वर्ग २०१५पासून रूढ आहेत, त्यांतला हा अगदी मधला. टीयूबीए१एमुळे होणारे दोष बहुतेक वेळा मुलात नव्याने उद्भवलेल्या बदलाने होतात, म्हणून असा बदल दिसताच पहिला प्रश्न हाच असतो की, तो आईवडिलांपैकी कोणात आहे का. त्याचे उत्तर द्यायला आमच्या रक्ताच्या दोन नळ्या पुरेशा होत्या. पण नमुना फक्त मुलीचा घेतला होता, आणि आमची तपासणी म्हणजे नवा अर्ज, डॉक्टरांचे नवे पत्र आणि पुन्हा रांग.

पाच महिने आम्ही त्या ओळीसोबत काढले. पत्नीने तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती आणि दर भेटीला ती समुपदेशकांना तेच विचारत असे : दुसऱ्या मुलाचे काय? त्यांच्याकडे तीन उत्तरे होती. बदल नव्याने उद्भवलेला असेल तर पुन्हा तसे होण्याची शक्यता साधारण १ टक्का, दोघांकडून एकेक सदोष प्रत आली असेल तर २५ टक्के, आणि तो आईच्या एक्स गुणसूत्रावर असेल तर प्रत्येक गरोदरपणी तो पुढे जाण्याची शक्यता ५० टक्के. यांतले कोणते आमचे, हे तो अहवाल सांगू शकत नव्हता. कोणी चूक केली असे मी म्हणत नाही. तपासणी जशी आखली होती तशी ती झाली, पण निर्णय घेणाऱ्या घराला जे हवे होते नेमके तेच तिच्या बाहेर राहिले.

शेवटी त्या एका बदलासाठी वेगळी तपासणी करण्याऐवजी आम्ही ट्रायोचा अर्ज भरला. टीयूबीए१एमधला तो बदल माझ्यात निघाला, आणि तोही निम्म्या वाचनांत, म्हणजे मोझेक नव्हे, जन्मापासूनचा. माझा स्वतःचा एमआरआय निर्दोष आहे. पाच महिने ज्याला आम्ही कारण समजत होतो, तो मी चाळीस वर्षे निर्धास्तपणे वागवत होतो. मुलीत नव्याने उद्भवलेला, आम्हा दोघांतही नसलेला बदल सीईपी८५एल या जनुकात सापडला. वळ्यांच्या अशा मागच्या भागातील दोषाशी त्या जनुकाचा संबंध २०२० साली पुढे आला. आमच्या पॅनेलची यादी त्याआधीची होती.

इतकी जनुके वाचली तर अनिश्चित नोंदींचा पूर येईल, ही भीती मलाही होती. ती बरीचशी अनाठायी ठरली, कारण आईवडिलांचे वाचन चाळणीसारखे काम करते : प्रथिने घडवणाऱ्या भागात मुलात नव्याने आलेले बदल सरासरी एखाद-दोनच असतात. ट्रायोचे तोटे मात्र खरे आहेत. वाट जास्त पाहावी लागते, वाचन तितके खोल नसल्याने थोड्या पेशींतला मोझेक बदल निसटू शकतो, आणि मेंदूशी संबंध नसलेला, पण पालकांच्याच प्रकृतीविषयीचा एखादा धोका समोर येऊ शकतो. तो कळवून घ्यायचा की नाही, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी दोघांनी बसून ठरवावे.

दोघांपैकी एका पालकाचा नमुना मिळणारच नसेल, तर ट्रायोचा बराचसा फायदा जातो आणि अशा वेळी मी कदाचित पॅनेलकडेच वळेन. एरवी, चित्र एकाच जनुकाकडे स्पष्टपणे बोट दाखवत नसेल तर, माझा कल ट्रायोकडे आहे. तरीही पॅनेलच करायचे ठरले, तर रक्त देण्याआधी एवढे विचारून घ्यावे की, पालकांचे नमुने त्याच दिवशी घेऊन ठेवतील का, आणि अनिश्चित बदल निघालाच तर नव्या अर्जाशिवाय ते तपासतील का. उत्तर ‘हो’ असेल, तर माझी अर्धी हरकत तिथेच संपते.