वॉरंट ‘बाहेरच्या बाहेर’ रद्द करून देतो म्हणाला आणि २८,५०० रुपये घेऊन गेला

चेक बाउन्सच्या केसमधली एक तारीख चुकली, अजामीनपात्र वॉरंट निघालं, आणि ते मिटवून देतो म्हणणाऱ्याने २८,५०० रुपये नेले. आधी ७,००० वकीलपत्र आणि अर्जाचे. मग १२,५०० ‘कोर्टाचा दंड’. शेवटी ९,००० ‘पोलीस स्टेशनातून वॉरंट परत मागवायला’. तिन्ही वेळा यूपीआय, तिन्ही वेळा नंबर वेगळा, पावती एकाचीही नाही.

लिहायला लाज वाटते. पण ही माणसं कोर्टाच्या गेटसमोर झेरॉक्सच्या दुकानापाशी रोज उभी असतात. पांढरा शर्ट, काखेत फायली. वकिलाचा कारकून कोण आणि दलाल कोण, हे बाहेरून ओळखू येत नाही. वकील म्हणून कुणी भेटला तर सनद नंबर (वकिली करायच्या परवान्याचा नंबर) विचारा आणि वकीलपत्रावर सही त्याच्यासमोर करा, मधल्या माणसाच्या हातात कोरं वकीलपत्र देऊ नका.

त्यांचा सगळा धंदा एका वाक्यावर चालतो: ‘तुम्ही कोर्टात गेलात की तिथूनच आत टाकतील.’ खरं उलटं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणे वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा ते काढणारं कोर्टच रद्द करेपर्यंत चालू राहतं. पोलीस स्टेशनात ते ‘दाबून’ ठेवलं तरी मरत नाही. आणि न जाता बसलात तर पुढची पायरी कलम ८४ ची, म्हणजे फरारी असल्याची उद्घोषणा, मग मालमत्तेची जप्ती.

कळायला हवं होतं ते ‘आदेशा’चा फोटो व्हॉट्सअॅपवर आला तेव्हाच. तारीख होती १४ सप्टेंबर २०२५. रविवार! समोर भिंतीवर कालनिर्णय होतं, मान वर केली असती तरी पुरलं असतं. फोटोत कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर त्याचा अंगठा होता, नेमका केस नंबर असतो तिथे. गोल शिक्का जांभळा, पण आतली अक्षरं फिसकटलेली. हे सगळं आज दिसतं. त्या दिवशी फक्त ‘रद्द’ हा शब्द दिसला. घरी हवालदार येऊन गेल्यावर, शेजारपाजार बघत असताना, कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं? प्रत्येक केसला मिळणारा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर नंबर ई-कोर्ट्स अॅपमध्ये टाकला की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती ते फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम. तेच केलं नाही.

रद्द करायची खरी रीत एवढीच. पुढच्या तारखेची वाट न बघता वकिलाबरोबर सकाळी साडेदहालाच कोर्टात पोचा. तारीख त्या दिवशीची नसते, म्हणून आधी प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीत घेण्याचा अर्ज, त्याबरोबर वॉरंट रद्द करण्याचा अर्ज, दोन्हींवर कोर्ट फी स्टॅम्प. गैरहजेरीचं कारण कागदानिशी: दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, एसटीचं तिकीट, जे असेल ते. पुकारा झाला की स्वतः समोर उभं राहायचं. आधार कार्ड आणि फोटो जवळ ठेवा. नवा जामीन मागितला तर जामीनदार सातबारा किंवा पगारपत्रकासह सोबतच असलेला बरा, नाहीतर त्यापायी दिवस हातातून जातो. कोर्टाने दंड लावला तर तो नाझरकडे (कोर्टात पैसे भरून घेणारा कर्मचारी) भरायचा आणि पावती घ्यायची. आमच्या प्रकरणात तो ५०० रुपये झाला. पाचशे! आदेशाची नक्कल घ्या आणि एक प्रत पोलीस स्टेशनात देऊन पोच घ्या, कारण रद्द झाल्याचं तिकडे लगेच कळतंच असं नाही. यापुढे एखाद्या तारखेला जाणं खरोखरच अशक्य असेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज गेलाच पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही.

आता तक्रारीचं ऐका. एक पोलीस स्टेशन म्हणालं, पैसे दिले ते कोर्टाच्या हद्दीत, तिकडे जा. दुसरं म्हणालं, पैसे गेले ते तुमच्या घरून, इकडे कशाला आलात? त्याच संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यायची. कोर्टाच्या नावाचा खोटा आदेश बनवणं हा साधा व्यवहाराचा वाद आहे का? तरी ऐकवलं काय, तर ‘तुम्हीच लाच द्यायला गेलात, तुमच्यावरच येईल.’ लाच नव्हती ती. वकिलाची फी आणि दंड म्हणून मागितलेले पैसे होते, तसा मेसेज फोनमध्ये आहे. तो दाखवला तर बघितलासुद्धा नाही. बेंच क्लार्कने वकिलाकडे बोट दाखवलं, बँकेने पोलिसांकडे. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर अकरा दिवस उलटले होते, खात्यात काही शिल्लक नव्हतं. तुम्ही फोन पैसे गेल्याबरोबर करा, तरच ते गोठवता येण्याची आशा असते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवली आहे. पोचपावती आली, उत्तर नाही.