दहा महिने वापरून: एचपीसीचं एमएससी आणि अख्ख्या नोडचं भाडं

मी एचपीसीचं, म्हणजे महासंगणकावर मोठी गणितं चालवण्याचं, एमएससी करतेय. परवा रात्री माझा जॉब (महासंगणकाला दिलेलं काम) बरोबर चोवीस तासांनी मारला गेला. स्लर्मने, म्हणजे जॉब रांगेत लावणाऱ्या शेड्युलरने, एवढंच कळवलं: टाइमआउट. चेकपॉइंट, म्हणजे झालेल्या कामाची मधली नोंद, लिहिला नव्हता (चूक माझीच), त्यामुळे हाती भोपळा. खात्यातून कोअर-तास (प्रोसेसरचा एक कोअर एक तास वापरणं) मात्र पूर्ण कापले. एका नोडचे, म्हणजे महासंगणकातल्या एका यंत्राचे, १२८ कोअर गुणिले २४ तास, ३०७२. त्या रागात हे लिहायला बसले.

कोर्सात काय असतं तर एमपीआय (काम अनेक नोडांत वाटणं), ओपनएमपी (एकाच नोडच्या कोअरांत वाटणं), थोडं कुडा (ग्राफिक्स कार्डावर गणितं), शेवटी प्रबंध. ब्रिटनमधलं विद्यापीठ, एक वर्ष, कर्ज काढून. नाव लिहीत नाही, मार्क अजून यायचेत.

माझं खरं दुखणं म्हणजे नोड अख्खा घ्यावा लागतो. एक कोअर वापरा नाहीतर १२८, पैसे सगळ्याचे. शेअर रिक्षात एकटीने बसून तिघांचं भाडं द्यायचं. त्यात पहिल्या सत्रात सीपीयूज-पर-टास्क (एका कामाला किती कोअर हवेत ती ओळ) लिहायचं राहिलं, आणि मी आठवडाभर सोळा थ्रेड (एकाच वेळी चालायचे कामाचे तुकडे) एकाच कोअरवर कोंबून 'ओपनएमपी काही कामाचं नाही' म्हणत फिरत होते. तो आठवडा अजून जिव्हारी लागतो.

आमडालचा नियम (जो भाग एकाच वेळी अनेक कोअरवर, म्हणजे समांतर, चालत नाही तोच वेगाची मर्यादा ठरवतो) पाठ होता, पटला तो बिल बघून. कोडचा ५ टक्के भाग समांतर होत नसेल, तर एका नोडवर वेग एका कोअरच्या १७.४ पट, दोन नोडवर १८.६. दुप्पट खर्च, वाढ जेमतेम एक. आणि कितीही नोड ओता, विसाच्या पुढे जायचं नाही.

फोर्ट्रान बघून आधी नाक मुरडलं होतं. १९५७ची भाषा, यासाठी का कर्ज काढलं? पण फोर्ट्रान अ‍ॅरे (आकड्यांचा तक्ता) मेमरीत स्तंभाने मांडतं, सी भाषा ओळीने. मी सीच्या सवयीने लूप लिहिले होते, म्हणजे मेमरीत सतत उड्या. आतला लूप बाहेर, बाहेरचा आत केला आणि ४१ सेकंदांचं काम ६ सेकंदांत झालं. फुकटात! शिवाय हवामानाचं डब्ल्यूआरएफ मॉडेल उघडून बघा, आत बहुतेक फोर्ट्रानच आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग पुण्याचा पाऊस का चुकतो?" त्याचं उत्तर अभ्यासक्रमात नाही.

इथवर परवाचं. रांगेबद्दल आणखी दोन परिच्छेद होते, ते आज काढून टाकले. कारण हेल्पडेस्कला तावातावाने मेल केला होता, त्यांनी शांतपणे उलट विचारलं, चोवीस तास मागता कशाला? शेड्युलर मोठ्या जॉबसाठी नोड गोळा करत असतो तेव्हा मधे फटी राहतात, छोटे जॉब त्यात घुसतात. आता दोनच तास मागते, चेकपॉइंट लिहिते, पुढचा जॉब डिपेंडन्सी (आधीचा संपल्यावरच सुरू हो, अशी अट) लावून मागे जोडते. पूर्वी अकरा तास 'पीडी' (पेंडिंग, म्हणजे अजून रांगेतच) दिसायचं, काल वीस मिनिटांत सुरू झाला. रांगेवरचा राग मागे घेतला. भाड्यावरचा नाही.

खात्यात ४१०० च्या आसपास कोअर-तास उरलेत, म्हणजे एका नोडचे बत्तीस तास. गाइड म्हणतात, आलेखात दोन नोडचे आकडेही दाखव. एक बिंदू दाखवीन, तोही दहा मिनिटांचा.