स्क्रीन रीडरवर सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला, खरं काय ते सांगते

मला आरपी आहे, डोळ्यांच्या पडद्याचा आजार, नजर कडेनं आकसत गेली आणि आता उजेड-अंधार तेवढा कळतो. ठाण्याहून वाशीला कोर्सला जायचे, अंध आणि डिस्लेक्सियावाल्यांची, म्हणजे वाचन-स्पेलिंग अडणाऱ्यांची, एकत्रच बॅच. प्रवासाचं रडगाणं नाही, दिव्यांगांचा डबा कुठे लागणार ते प्लॅटफॉर्मवरच्या बीपवरून कळतं.

शिकवलं सगळं एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर. फुकट आहे, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करननं सुरू केलं, तो स्वतः अंध. पहिल्या आठवड्यात तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून विचारायची, कोण भांडतंय गं? आता स्पीड एवढा ठेवते की बहिणीला शब्द कळत नाही.

एक्सेल मात्र झकास शिकवलं. मॅडम स्वतः अंध, त्यामुळे "इथे क्लिक करा" हा प्रकारच नाही, कंट्रोल आणि बाण दाबून डेटाच्या टोकाला जायचं, सेलचं नाव कानावर पडतं, पत्ता शोधल्यासारखं.

वैताग दोन. क्लासमधे डेस्कटॉप, घरी नमपॅड (उजवीकडची आकड्यांची बटणं) नसलेला लॅपटॉप, कमांड लागेनात, पंधरा दिवस मला वाटलं मीच ढ. सेटिंगमधे लॅपटॉप लेआऊट घेऊन कॅप्स लॉक हीच एनव्हीडीए की (कमांडसाठी धरायचं बटण) म्हणून वापरायचं होतं, बस, पहिल्याच दिवशी सांगायचं ना हो! दुसरं, सरांच्या मराठी नोट्स युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात. डोळ्यांना मराठी, आत भलतीच इंग्रजी अक्षरं नि चिन्हं, कानात नुसता कचरा. सर म्हणाले, "अगं, नीट दिसतंय की!" दिसत असेल.

शेजारी बसणाऱ्या दादाचं वेगळंच. डिस्लेक्सिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण डोळे धड म्हणून त्याच्या हातात छापील कागद टेकवले की झालं, अशी समजूत. त्याला हवं होतं ओळींत मोकळं अंतर आणि वाचला जाणारा शब्द रंगवून दाखवणारं वर्डमधलं इमर्सिव्ह रीडर, ते त्यानं स्वतःच शोधलं. शेवटी आमची जोडीच जमली, स्क्रीनवरची चित्रं तो सांगायचा, आणि स्पेलिंग अडलं की मी एनव्हीडीए की धरून वरचा बाण दोनदा दाबायचे, अख्खी ओळ अक्षर-अक्षर ऐकू येते.

आता महापेला बॅक ऑफिसात तीन महिने झाले. रोज इंग्रजी बिलं येतात स्कॅन केलेली, म्हणजे नुसते फोटो, स्क्रीन रीडर गप्प. एनव्हीडीए की आणि आर दाबलं की त्यातली अक्षरं ओळखून वाचतो, आकडे मात्र दोनदा तपासते, आठाचा तीन झालेला सापडलाय. कोर्समधे यावर एक तास नव्हता. फी भरायच्या आधी नोट्सची एक फाईल मागवा आणि घरी आपल्याच मशीनवर ऐकून बघा.