ओब्रा डिन: पाच महिने, साठ माणसं आणि बाबांची वही

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा व्हिडिओ गेम लोक दोन-चार दिवसांत संपवतात म्हणे. आम्हाला पाच महिने लागले. रविवारी जेवणं आटोपली की तास-दीड तास, बस. कंट्रोलर माझ्याकडे, वही-पेन्सिल बाबांकडे. बाबांची सगळी नोकरी बोटीवर गेली, इंजिनरूममध्ये. गेम म्हटलं की उठून जाणारा माणूस, पण पडद्यावर जहाज दिसलं आणि खुर्ची पुढे ओढली.

साल १८०७. पाच वर्षांपूर्वी लंडनहून निघालेलं, बुडालं म्हणून सोडून दिलेलं 'ओब्रा डिन' हे व्यापारी जहाज इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरात वाहत येतं. वर जिवंत कोणीच नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. जवळ एक विचित्र घड्याळ. सांगाड्यापाशी ते उघडलं की आधी काळ्या पडद्यावर नुसते आवाज येतात, मग त्या माणसाच्या मरणाचा क्षण समोर थिजलेला उभा राहतो. त्यात हवं तितकं फिरा. साठ जणांपैकी कोण कोणता, त्याचं काय झालं आणि मारला असेल तर कोणी, हे गेममधल्या नोंदींच्या पुस्तकात भरायचं. तीन जणांची माहिती अचूक भरली की गेम ती पक्की करतो. तोवर हूं की चूं नाही.

कोणी नावाने हाक मारेल या आशेवर राहू नका. बूट बघा, गोंदण बघा, कोण कोणाशेजारी उभा आहे ते बघा. एका दृश्यात खलाशी झोळ्यांत झोपलेत आणि मी मेलेल्या माणसाभोवतीच घुटमळत होतो. बाबा म्हणाले, "अरे, त्या झोळीला नंबर आहे बघ." होता! जहाजावरच्या माणसांच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळवत गेलो आणि महिनाभर अडलेली गाडी एका दुपारी सुटली. त्या रविवारी चहा गार झाला.

यादीत दोन खलाशी भारतातले आहेत. त्यातल्या एकाचं नाव रेनफ्रेड राजुब! हे नाव कोणत्या गावचं, यावर आमच्याकडे दोन रविवार चर्चा झाली. निकाल लागलेला नाही.

चित्रं जुन्या मॅकिंटॉश संगणकासारखी, फक्त दोन रंगांचे ठिपके. सेटिंगमध्ये जुन्या आयबीएम, कमोडोर मॉनिटरचे रंगही मिळतात. आम्ही हिरव्यावर स्थिरावलो. शिडांचे दोर, डोलकाठ्या, पाऊस, सगळं या ठिपक्यांतून इतकं नेमकं उभं राहतं की रंगांची आठवण येत नाही. मोठ्या टीव्हीवर मात्र पटकन वळलं की डोळे दुखतात, अर्ध्या तासाने थांबावंच लागतं. हे सगळं, संगीतासकट, मुख्यतः ल्युकस पोप या एकट्या माणसाचं काम आहे (२०१८), हे कळल्यावर बाबांनी चष्मा काढून पुसला.

कुरबुरी आहेत. जुनं दृश्य परत बघायचं तर पुस्तकातून थेट जाता येत नाही, जहाजभर चालत त्या सांगाड्यापर्यंत जा. वरच्या डेकवरून तळाच्या गोदामात आणि परत, ही पायपीट शेवटी शेवटी जिवावर येते. नवं दृश्य पहिल्यांदा उघडलं की ठरावीक वेळ संपेपर्यंत पुस्तक उघडत नाही, तोवर नुसतं बघत राहायचं. इंग्रजी बोली जड आहे, सबटायटल चालूच ठेवा. आणि उत्तरं कळली की दुसऱ्यांदा खेळण्यात राम नाही. म्हणून यूट्यूबवर शोधायला जाऊ नका, एक झलकही नको.

एक कबुली. शेवटच्या तिघांची नावं मी चक्क आलटून पालटून टाकली, जुळेपर्यंत. बाबांना ते मान्य नाही. गेममध्ये तिघंही पक्के छापून आलेत, पण बाबांच्या वहीत त्यांच्यापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे आणि ते मला खोडू देत नाहीत.